तिकीटवाले गुरुजी

निवडणुकीच्या दिवसांत 'तिकीट' हा शब्द चारचौघांत उच्चारू नये, हे यवतमाळच्या गुरुजींना पंचाहत्तरी ओलांडली तरी कोणी सांगितलं नव्हतं. नगर परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. दत्त चौकातल्या टपरीवर जो तो कोणाला कुठून मिळतं याचा हिशेब करत बसलेला. अशा वेळी गुरुजींनी बशीतला चहा फुंकता फुंकता सहज सांगून टाकलं, "माझ्यापाशी इंदिराबाईंची दोनशे तिकिटं पडून आहेत. चाळीस वर्षं झाली, कोणी विचारत नाही."

टपरीवरच्या स्टोव्हची भरभर तेवढी ऐकू येत राहिली.

संध्याकाळपर्यंत बातमी आझाद मैदानाला वळसा घालून आली, तेव्हा तिच्यात गुरुजींचा थेट दिल्लीत वशिला होता. रात्री नऊ वाजता एक इच्छुक उमेदवार शाल आणि नारळ घेऊन दारात हजर.

"गुरुजी, आपल्या वार्डाचं तेवढं पाहा ना जी."

"वार्डाचं काय पाहायचं?"

"तिकिटाचं म्हनून राहिलो."

गुरुजींना गहिवरून आलं. चार दशकांत प्रथमच कोणी आपण होऊन तिकिटांची चौकशी करत होतं. त्यांनी अगत्याने विचारलं, "कोणतं पाहिजे? कोरं, का शिक्का बसलेलं?"

"कोरंच द्या. शिक्का बसलेले तं आमच्या गल्लीतच चार हायेत."

"कोरं आहे, पण एक सांगून ठेवतो. त्याचा गोंद गेलेला आहे."

"गोंधळ गेला तं बरंच झालं की जी!"

मग गुरुजींनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली, वह्यांचे कागद बाजूला केले आणि पन्नास पैशांच्या इंदिराबाई उजेडात धरल्या. इच्छुकाने तिकीट पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, पुन्हा तिकीट पाहिलं. जाताना तो नारळ परत घेऊन गेला, शाल मात्र घाईत विसरला. पुढे आठवड्याभरात पक्षानेही त्याला नारळ दिला, त्यामुळे त्याच्याकडे दोन झाले.

खरं तर दोष गुरुजींचा नव्हता, मराठीचा होता. एस.टी.चं ते तिकीट, सिनेमाचं ते तिकीट, पाकिटावरचं तिकीट आणि ज्याच्यासाठी माणूस तीस वर्षांचा पक्ष एका रात्रीत बदलतो तेही तिकीटच. यातलं शेवटचं जिवंतपणी मिळवावं लागतं आणि टपालाचं बहुधा मेल्यावर मिळतं, एवढाच फरक. संसदेत जायला पक्षाचं तिकीट लागतंच असंही नाही. याच जिल्ह्यातल्या वणीत 29 ऑगस्ट 1880 रोजी जन्मलेले लोकनायक बापूजी अणे 1962 साली नागपुरातून लोकसभेवर अपक्ष निवडून गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसून आलेला, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी 1943 साली तिथून राजीनामा देऊन बाहेर पडलेला, पुढे बिहारचा राज्यपाल झालेला माणूस ऐंशीच्या घरात बिनतिकिटाचा प्रवास करतो आणि थेट संसदेत उतरतो. आजच्या इच्छुकांना ही गोष्ट सांगितली तर ते हळूच विचारतात, "मग त्यायचा खर्च कोन केला?"

गुरुजींच्या पेटीची गोष्ट सुरू होते 1984 मध्ये. 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि 19 नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, टपाल खात्याने त्यांच्यावर पन्नास पैशांचं स्मारक तिकीट काढलं. म्हणजे एकोणीस दिवसांत. नेहरूंच्या वेळी तर त्याहून चपळाई होती. 27 मे 1964 ला ते गेले आणि 12 जूनला पंधरा पैशांचं तिकीट निघालं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्या देशात जन्मली तिथे चित्र, छपाई, दातरे पाडणं आणि वाटप एवढं सगळं सोळा दिवसांत उरकलं होतं.

चौतीस वर्षांचे गुरुजी तेव्हा शाळेतून परस्पर पोस्टात गेले आणि पगारातले शंभर रुपये मोजून दोनशे तिकिटं घेऊन आले. घरात दळण संपलं होतं.

"एवढी पत्रं कोणाला लिहिणार?" काकूंनी विचारलं.

"लिहायची नाहीत. ठेवायची. पुढे भाव येईल."

या तीन शब्दांवर गुरुजींचा संसार उभा आहे. कापूस घरात भरून ठेवणाऱ्या जिल्ह्यात हे तीन शब्द कोणाला नवे नाहीत. फरक इतकाच की कापूस निदान मार्चपर्यंत तरी विकून टाकावा लागतो. काकूंनी तेव्हा जो हिशेब मनात केला तो त्या आजही दर दिवाळीला मोठ्याने करतात. त्या काळी शंभर रुपयांत अर्ध्या ग्रॅमच्या आसपास सोनं येत असे. "नाकात चमकी तरी झाली असती," असं त्या म्हणतात आणि नाकाला हात लावतात. 1988 मध्ये किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. तेही पोस्टातच मिळायचं. एकाच इमारतीत शेजारच्या खिडकीशी पैसे दुप्पट होत असताना आपल्या नवऱ्याने नेमकी दुसरी खिडकी गाठली, हे दुःख त्यांनी आजवर जपलं आहे.

वर्षं गेली. गुरुजी पेटीला वर्षातून एकदा, दसऱ्याला, शस्त्रांसोबत हळदकुंकू लावत. भाव काही येईना. 2015 साली सरकारने रोजच्या वापरातल्या तिकिटांची मालिका बदलली, तीत इंदिरा आणि राजीव गांधींची तिकिटं बंद झाली. देशात त्यावरून दोन तट पडले. टीव्हीवर लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले. गुरुजी तेवढे शांतपणे म्हणाले, "छापणं बंद झालं. आता येतो पाहा." आपली तिकिटं निराळी, स्मारकाची, एकदाच छापून झालेली, हे त्यांना ठाऊक होतं. पण आशेला एवढा बारीक तपशील लागत नाही.

आणि 2017 मध्ये खरंच पेपरात बातमी आली. गांधीजींच्या चार तिकिटांची एक पट्टी इंग्लंडमधून पाच लाख पौंडांना विकली गेली. रुपयांत चार कोटींच्या वर.

ती तिकिटं साधी नव्हती. स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, 15 ऑगस्ट 1948 ला, गांधीजींवर चार तिकिटं निघाली होती. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. साधं पाकीट आण्यांमध्ये जायचं त्या काळात दहा रुपयांचं तिकीट, तेही पंचा नेसणाऱ्या माणसावर! त्यातला आणखी मोठा विनोद असा की नाशिक रोडला 1925 पासून सिक्युरिटी प्रेस धडधडत असताना स्वदेशीच्या या आचार्यांची तिकिटं छापून आली स्वित्झर्लंडमधून. यांपैकी दहा रुपयांच्या शंभर तिकिटांवर 'सर्व्हिस' असा शब्द वर छापून ती गव्हर्नर जनरलच्या कचेरीकडे दिली गेली. शंभरातली चार ती ही.

गुरुजींनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि कॅलेंडरच्या मागे त्रैराशिक मांडलं. चार गांधी बरोबर चार कोटी. एक गांधी बरोबर एक कोटी. आपल्याकडे दोनशे.

"अहो, ते गांधी वेगळे, या वेगळ्या," काकू म्हणाल्या.

"आडनाव तर एकच आहे ना? निम्मे धर."

शंभर कोटींची मालकीण होण्याच्या बेताला आलेल्या काकूंनी पेटी उघडायला मदत केली. आत तेहेतीस पावसाळे मुक्कामाला होते. तिकिटांच्या पाठीला गोंद असतो आणि गोंदाला ओल लागली की तो आपलं कर्तव्य बजावतो, पाकीट असो वा नसो. दोनशे इंदिराबाई एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या. सगळा मिळून एक गठ्ठा, शेंगदाण्याच्या वडीएवढा.

लोक संकटात देव पाण्यात ठेवतात, गुरुजींनी नेते पाण्यात ठेवले. स्वयंपाकघरातली परात, कोमट पाणी, आत वडी. दर दहा मिनिटांनी गुरुजी अलगद बोट घालून पाहत आणि काकू बाहेरून विचारत, "सुटल्या का?" दुपारी तीनपर्यंत त्या एकेक करून सुटल्या. मग त्या पलंगावर, दिवाणावर आणि अंगणातल्या बाजेवर जुने पेपर अंथरून वाळत घालण्यात आल्या. दुसऱ्या बाजेवर काकूंचे पापड वाळत होते. हा सगळा देखावा पाहून शाळेतून आलेल्या नातवाला वाटलं, आजोबांना उकडत असेल. त्याने पंखा पाचवर लावला.

पुढचा पाऊण तास घरात जी धावपळ झाली तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही. दिवेलागणीला मोजदाद झाली तेव्हा एकशे नव्व्याण्णव भरली. दोनशेवं तिकीट तिसऱ्या दिवशी तळताना सापडलं. ते एका पापडाला बिलगलं होतं आणि तेलात पडता पडता वाचलं.

गुरुजी दुसऱ्याच आठवड्यात नागपूरला एका जाणत्या संग्राहकाकडे गेले. बरोबर नव्या पंच्यात बांधलेली तिकिटं, शिवाय पैसे आणायला मोठी पिशवी. संग्राहकाने चिमट्याने एक तिकीट उचलून उलटं केलं.

"धुतलंत?"

"स्वच्छ केलं."

"गुरुजी, कोऱ्या तिकिटाचा अर्धा भाव त्याच्या गोंदात असतो. तुम्ही भाव परातीत ओतून आलात." मग त्याने समजावून सांगितलं. या धंद्यात कोरा नेता महाग, वापरलेला स्वस्त आणि न वापरता खराब झालेला कोणालाच नको. शिवाय ही तिकिटं लाखांनी छापलेली, आणि 1984 च्या नोव्हेंबरात देशभरातल्या पोस्टांत 'पुढे भाव येईल' म्हणणारे गुरुजी रांगा लावून उभे होते. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? "पन्नास पैशांचे चाळीस देतो. तेही तुम्ही लांबून आलात म्हणून."

गुरुजींचा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. तो म्हणाला, "एकच आशा आहे. यात छपाईची चूक असेल तर बोला. 1854 साली कलकत्त्याला चार आण्यांचं तिकीट छापलं, चौकट लाल आणि आत राणीचं डोकं निळं. दोन रंग दोनदा छापायचे. काही कागद उलटे फिरले आणि व्हिक्टोरिया राणी डोक्यावर उभी राहिली. जगात आज मोजकी शिल्लक आहेत, त्यांना म्हणाल ती किंमत येते. सरळ राणीला कोण विचारतो?"

त्या रात्री यवतमाळच्या एका घरात दोन वाजेपर्यंत दिवा जळत होता. ज्या माणसाने छत्तीस वर्षं लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एकही ऱ्हस्व-दीर्घ सुटू दिलं नाही, तो आज भिंग घेऊन बसला होता आणि जन्मात पहिल्यांदा देवाला विनवत होता की एखादी तरी चूक सापडू दे. नाशिकवाल्यांनी काम चोख केलं होतं. एकशे नव्व्याण्णव तिकिटं निर्दोष. दोनशेव्यावर मात्र, गालाच्या जरा खाली, एक तपकिरी ठिपका! गुरुजींनी काकूंना उठवलं. काकूंनी चष्मा न लावताच नखाने तो टिपला आणि म्हणाल्या, "जिरं आहे. झोपा."

या उद्योगात गुरुजींचा एक फायदा झाला. जुना अल्बम पुन्हा उघडला गेला. त्यात लोकमान्यांचं तिकीट होतं, जन्मशताब्दीचं, 23 जुलै 1956 चं, दोन आण्यांचं. ते नातवाला दाखवताना गुरुजींमधला मास्तर जागा होई. बापूजी अण्यांनी टिळकांवर संस्कृतात 'तिलकयशोर्णव' नावाचं भलंमोठं महाकाव्य लिहिलं, त्याला त्यांच्या मृत्यूनंतर 1973 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. "टपाल खात्याने टिळकांना दिले दोन आणे," गुरुजी म्हणत, "आपल्या जिल्ह्याने दिले एकच अणे, पण वजनदार!" हा विनोद ते दर 1 ऑगस्टला शाळेत करत आणि वर्गात आणे कोणाला माहीत नसल्याने एकटेच हसत.

अल्बमच्या शेवटी आपल्या जिल्ह्याचं पानही होतं. बाभूळगावचे स्वातंत्र्यसैनिक आणि राज्यात मंत्री राहिलेले जवाहरलाल दर्डा यांच्यावर 2005 साली निघालेलं तिकीट तिथे डकवलं होतं. त्या पानावर गुरुजींनी मुद्दाम बरीच जागा कोरी ठेवली होती. कोणासाठी, हे ते सांगत नसत. पण त्या पानाशी आले की आरशाकडे एकदा नजर जात असे.

नातू कॉलेजात गेल्यावर त्याने ती नजर ओळखली. "आबा, तुमचं पण निघते न तिकीट! तीनशे रुपयांत बारा. 'माय स्टॅम्प' म्हणतात. फोटो न्यायचा."

गुरुजींचा विश्वास बसेना. टपाल तिकिटावर हयात माणूस घेत नाहीत, हा सर्वसाधारण दंडक त्यांना ठाऊक होता. अपवाद आहेत, पण ते घाम फोडणारे आहेत. महर्षी कर्व्यांवर 1958 साली त्यांच्या हयातीत तिकीट निघालं, त्यासाठी त्यांना वयाची शंभरी गाठावी लागली. विश्वेश्वरय्यांवर 1960 साली निघालं, तेही शताब्दीलाच. सचिन तेंडुलकर त्या मानाने चाळिशीतच तिकिटावर आला, 14 नोव्हेंबर 2013 ला. पण त्याआधी त्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांत शंभर शतकं ठोकावी लागली. एकूण, शंभराशिवाय काम होत नाही. आणि इथे नातू म्हणत होता, तीनशे रुपये भरा.

खरोखर 2011 पासून ही सोय आहे. आपला फोटो खात्याच्या तयार तिकिटाला खेटून छापून मिळतो, शेजारी राशीचं चिन्ह किंवा ताजमहाल. सोय इतकी सोपी की 2020 च्या डिसेंबरात कानपूरला कोणीतरी सहाशे रुपये भरले, दोन फोटो दिले आणि छोटा राजन आणि मुन्ना बजरंगी यांची बारा-बारा तिकिटं रीतसर छापून हातात पडली. ज्यांचे फोटो पोलीस ठाण्याच्या भिंतीवर असायचे ते पाकिटावर आल्यावर मग चौकशा झाल्या. खिडकीवरच्या बाबूने बहुधा तेव्हाच्या धास्तीने गुरुजींचा फोटो वर-खाली धरून पाहिला.

"काही केस वगैरे नाही ना, काका?"

गुरुजींनी टोपी काढून दाखवली. "केस तर कधीच गेले."

बारा गुरुजी कन्या राशीसह घरी आले. काकूंनी ते उलटसुलट पाहिले. तीनशे रुपये देऊन साठ रुपयांची तिकिटं आणणारा माणूस त्यांच्या पाहण्यात एकच होता. "तुम्ही अजून आहात ना?" एवढंच त्यांनी विचारलं. ही तिकिटं पत्राला लावायची गुरुजींची छाती झाली नाही. नेत्यांचं ठीक आहे, त्यांना सवय असते. पण आपल्या तोंडाशेजारी कोणी अनोळखी इसम धाडकन शिक्का हाणतो, ही कल्पना त्यांना सोसेना. नेत्याचं तिकीट पाकिटाला चिकटत नाही, कारण लोक भलत्याच बाजूला थुंकतात, हा विनोद प्रत्येक सरकारात नव्याने सांगितला जातो. सरकार बदललं की नाव बदलतं, थुंकी तीच. स्वतःचं तिकीट हातात आल्यापासून गुरुजी हा विनोद ऐकून हसेनासे झाले.

नारळ-शाल प्रकरणानंतर मात्र काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. ती दोनशे तिकिटं एकतर वापरा, नाहीतर चुलीत घाला. नातीचं साक्षगंध ठरलं होतं. गुरुजींनी निर्णय जाहीर केला, "निमंत्रणं पोस्टाने जातील. इंदिराबाई घेऊन जातील."

"व्हॉट्सॲपवर गेली की आबा सगळ्यायले," नात म्हणाली.

"ती बातमी झाली. हे निमंत्रण."

हिशेब सरळ दिसत होता. 1984 साली पन्नास पैशांत पाकीट जायचं, एक पत्र, एक तिकीट. आता वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला पाच रुपये. म्हणजे पाकिटामागे दहा इंदिराबाई, दोनशेत वीस निमंत्रणं. गोंद परातीत गेलेला, म्हणून काकूंनी कणकेची खळ शिजवून दिली. आख्खी दुपार चिकटवण्यात गेली आणि संध्याकाळी पहिलं पाकीट पोस्टातल्या काट्यावर बसलं.

"एकवीस ग्रॅम," बाबू म्हणाला.

"कसं काय? पत्रिका एकोणीसची आहे. मी सोनाराकडून मोजून आणली."

"तिकिटायचं अन् खळीचं वजन आहे ना काका. वीसच्या वर गेलं. अजून पाच रुपये."

"म्हणजे?"

"अजून दहा लावा."

गुरुजींनी तिथेच बाकावर बसून आणखी दहा लावली. पाकीट तेवीस ग्रॅम झालं. चाळिशी पार होईपर्यंत चिंता नाही, असं बाबूने समजावलं, पण गुरुजींच्या डोळ्यांपुढे तिकिटांच्या वजनासाठी तिकिटं आणि त्यांच्या वजनासाठी आणखी तिकिटं असा मेळघाटापर्यंत गेलेला रस्ता तरळून गेला. वीसची दहा निमंत्रणं झाली. प्रत्येक पाकिटाच्या पुढून दहा, मागून दहा. गणपती झाकला, मुलाचं नाव झाकलं, पत्त्याला जागा उरली बोटाच्या पेराएवढी.

अशा वेळी श्रीराम भिकाजी वेलणकरांची आठवण काढावी. 15 ऑगस्ट 1972 ला या गृहस्थांनी देशाला पिनकोड दिला. तेही अण्यांसारखेच संस्कृतचे पंडित, त्यामुळे सूत्ररूपाने बोलण्याची विद्या त्यांना अवगत होती. सहा आकड्यांत गाव बसवलं. गुरुजींनी वणीच्या बहिणीचं नाव आणि 445304 एवढंच पेराएवढ्या जागेत कोरलं. खळ तिथेही ओघळली होती.

"रजिस्टरच करून टाका," गुरुजी म्हणाले, "बहिणीचं आहे."

"रजिस्टर बंद झालं ना काका. 2025 पासून सगळं स्पीड पोस्ट. मशीनमधून पट्टी निघते, ती लावतो मी. तिकीट लावायची भानगडच नाही."

"भानगडच तर संपवायला आलोय. साधंच जाऊ द्या."

मागे रांग वाढली होती. एका तिकिटाला एक शिक्का, तोही नीट बसला पाहिजे, म्हणजे दोनशे शिक्के. शिक्क्याची शाई सुकून खडखडीत झाली होती, तिच्यात पाण्याचे थेंब घालण्यात आले. मग ठक-ठक-ठक-ठक सुरू झालं. आरडी भरायला आलेल्या बाया मोजू लागल्या. साठाला बाबूने मनगट झटकलं, एकशेवीसला हात बदलला. "काका," शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "एवढे शिक्के नोकरीला लागल्यापासून मारले नाहीत. घरी अजून आहेत काय?"

"बारा आहेत. पण ती नाही देणार."

साक्षगंध थाटात पार पडलं. वणीची बहीण आली नाही. निमंत्रणच मिळालं नाही म्हणून रुसून बसली. व्हॉट्सॲपवरचं तिने पाहिलं होतं, पण ते तिने बातमी म्हणून धरलं. आठ दिवसांनी तिचं पाकीट घरी परत आलं, कारण चार आणि पाच या आकड्यांवर खळ बसली होती. निमंत्रण परत येण्याचं यवतमाळला तसं अप्रूप नाही. 2019 च्या जानेवारीत इथे साहित्य संमेलन भरलं तेव्हा उद्घाटक नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं आणि त्यावर देशभर वाद झाला. पण त्या निमंत्रणाला पत्ता तरी नीट होता.

गुरुजींनी परत आलेलं पाकीट टेबलावर टाकलं. नागपूरचा तोच संग्राहक दुसऱ्या कामाने यवतमाळला आला होता, तो सहज भेटायला डोकावला आणि पाणी प्यायचं विसरला. पुढून दहा, मागून दहा, प्रत्येकीवर यवतमाळचा गोल शिक्का, तारीख स्पष्ट.

"हे कुठं मिळालं?"

"परत आलंय."

"गुरुजी, चाळीस वर्षांपूर्वीच्या तिकिटांवर खरोखर टपालातून फिरलेलं पाकीट आता कोण पाठवतो? याचे पाचशे देतो. अशी आणखी असतील तर तीही घेतो."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. चाळीस वर्षांत त्या प्रथमच एका हाताने पदर आवरत आणि दुसऱ्याने नाक चाचपत आल्या. गुरुजींनी मनात आकडेमोड केली. दहा पाकिटं गुणिले पाचशे. एक हातात. उरलेली नऊ पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी, नेर, घाटंजी, केळापूर, राळेगाव, कळंब इथे पोचलेली आणि पत्रिका काढून घेतल्यावर बहुधा कचऱ्यात गेलेली.

"हेही आत्ता नाही द्यायचं," गुरुजी म्हणाले. "संच पूर्ण झाला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पुसद गाडीत ते खिडकीशी बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत नऊ नातेवाइकांची समजूत घालायला पेढ्यांचे नऊ पुडे. पंचाहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट असते. कंडक्टरने आधार कार्ड पाहिलं, यंत्राची बटणं दाबली आणि कागदाची पट्टी फाडून दिली. तिच्यावर यवतमाळ ते पुसद लिहिलं होतं आणि रकमेच्या जागी शून्य.

गुरुजींनी ती उजेडात धरली, मागून-पुढून पाहिली, गोंद नाही याची खात्री करून घेतली आणि चष्म्याच्या डबीत घडी न पाडता ठेवली.

"आजोबा, फेकून द्या उतरल्यावर. झिरोचं आहे," कंडक्टर म्हणाला.

"असू दे," गुरुजी म्हणाले, "पुढे भाव येईल."